निबंध खुले झाले, तरी दुवे जोडायचे कोणी?
सर्व शोधनिबंध एकाच ठिकाणी विनामूल्य मिळू लागले की ज्ञानशाखांमधली दरी आपोआप बुजेल, असे म्हटले जाते. निबंध खुले असावेत हे मला पूर्ण मान्य आहे, पण तेवढ्याने भागत नाही. माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो, असे काही निबंध सांगत होते, आणि थंडीने बोटे पांढरी पडणाऱ्या रेनो विकारात रक्त अधिक दाट आढळते, असे दुसरे काही. दोन्ही छापून आलेले असूनही त्यांचा परस्परसंबंध १९८६ साली डॉन स्वॉन्सन या माहितीशास्त्रज्ञाने दाखवेपर्यंत कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

विदेच्या, म्हणजे संशोधनात गोळा केलेल्या मूळ माहितीच्या आणि आकड्यांच्या, बाबतीत तर आणखी बारकाईने पाहावे लागते. ‘मार्च१’ हे जनुकाचे नाव एक्सेलमध्ये टंकले की त्याची तारीख होत असे, आणि अशा चुका प्रकाशित तक्त्यांतही शिरल्या. अखेर जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीला ते बदलून ‘मार्चएफ१’ करावे लागले. म्हणूनच निबंधासोबत मूळ विदा, एकके आणि प्रत्येक रकान्याचा खुलासा देणे बंधनकारक असावे, आणि हे वेळखाऊ काम करणाऱ्यांचे नाव लेखकांच्या यादीत यावे, असे मला मनापासून वाटते.