मदत हवी आहे: पुढे सॉलिड ॲक्सल की इंडिपेंडंट?
इंदूरकर मंडळी, सेकंडहँड फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद जाणारी गाडी) घ्यायचीय. जिम्नीला पुढेमागे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर), 2020 नंतरच्या थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं), मागे सॉलिड. भावजींचं शेत चोरलकडे, पावसात काळी माती न दगडांचा नाला, तिथे सॉलिडवालीचं एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबलं जातं आणि डिफरेन्शियलखालची (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याखालची) जागा पण कमी होत नाही, हे मला पटतं. पण खरं रनिंग बायपासवरच होणार (आई मागे बसणार, तिची कंबर हा वेगळाच विषय), आणि सॉलिडमध्ये एका चाकाचा खड्डा दुसऱ्यालाही हलवतो. पुढे लिफ्ट केली (सस्पेन्शन बदलून गाडी उंच केली) तर इंडिपेंडंटच्या सीव्ही जॉइंटचा (चाकाला ताकद देणाऱ्या दांड्याच्या वळणाऱ्या सांध्याचा) कोन वाढून बूट (त्यावरचं रबरी आवरण) लवकर फाटतात ना? दोन्ही चालवलेलं कोणी आहे का? आणि किंगपिन बेअरिंगचं (सॉलिड ॲक्सलवर पुढचं चाक ज्यावर वळतं त्या बेअरिंगचं) काम जाणणारा मिस्त्री इंदुरात कुठे भेटेल?