युटाइमेनसॅट: फक्त बदलाची वेळ कशी लावायची?

प्रश्न: लिनक्सवर सी भाषेतून फाइलची फक्त बदलाची वेळ मागे न्यायची आहे, वाचनाची तशीच राहावी. युटाइम हा कॉल (सिस्टमला काम सांगणारं फंक्शन) दोन्ही बदलतो. शिवाय गटाला लिहिण्याची परवानगी असूनही 'ईपर्म' (परवानगी नाही) हा एरर येतो. का?

– युटाइमेनसॅट हा कॉल वापरा. त्याला टाइम्स ही दोन वेळांची यादी द्यायची: टाइम्स[०] वाचनाची, टाइम्स[१] बदलाची. पहिल्याच्या टीव्ही_एनसेकमध्ये (नॅनोसेकंदांच्या रकान्यात) युटाइम_ओमिट टाका, ती वेळ हलत नाही. हवी ती वेळ लावणं फाइलच्या मालकाचं किंवा रूटचंच (सर्वाधिकारी वापरकर्त्याचं) काम; नुसती लिहिण्याची परवानगी पुरते ती दोन्ही वेळा 'आत्ता' करताना.

– फाइल उघडीच असेल तर हेच काम करणारा फ्युटाइमेन्स वापरा. पण एफप्रिंटएफने त्यात काही लिहिलं असेल तर आधी एफफ्लश (साठलेलं लगेच फाइलमध्ये लिहिणं) कराच! नाहीतर फाइल बंद करताना एफक्लोज उरलेला बफर (तात्पुरता साठा) लिहितो आणि लावलेली वेळ जाते. हे हमखास चुकतं.

– सीटाइम (फाइलची माहिती शेवटची बदलल्याची वेळ) मात्र लावता येत नाही, या कॉलनेच ती आत्ताची होते. सिमलिंकचीच (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइलची) वेळ लावायची तर युटाइमेनसॅटला एटी_सिमलिंक_नोफॉलो हा फ्लॅग द्या.