खपली, बन्सी आणि सरबती गहू: एसएसआर डेंड्रोग्राम विचित्र येतोय, मदत करा

शिवारातली_लॅब: नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या थेसिससाठी गव्हाच्या वाणांवर एसएसआर (डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्तींचे मार्कर) लावलेत, खपली आहे, बन्सी आहे आणि सरबतीतले लोक-१, त्र्यंबक वगैरे. डेंड्रोग्रामचे (कोण कोणाच्या जवळ ते दाखवणाऱ्या झाडासारख्या आकृतीचे) सरळ दोन तुकडे पडले. एकीकडे सगळे सरबती, दुसरीकडे खपली-बन्सी एकमेकांना चिकटून, आणि मधे हे एवढं अंतर. गाईड म्हणतात मस्त आलंय, लिहून टाक. पण खपली जर सरबतीच्या पूर्वजांपैकी, तर एवढी लांब कशी? आणि बन्सी मळणीत सुटा होतो, खपलीचं टरफल कांडल्याशिवाय निघत नाही, मग हे दोघं इतके जवळ कसे? भात-ज्वारीचे प्रायमर (मार्कर उचलणारे डीएनएचे छोटे तुकडे) पण टाकून बघू का?

गहूवेडा: आधी सांग, प्रायमरमध्ये डी जीनोमचे किती आहेत? सरबतीत ए, बी, डी तिन्ही जीनोम (क्रोमोसोमचे संच), ४२ क्रोमोसोम. खपली आणि बन्सीत फक्त ए-बी, २८. डी आला एजिलॉप्स टाऊशी नावाच्या रानगवतातून, त्यामुळे एक्सजीडब्ल्यूएम (गव्हाच्या एसएसआरची एक मालिका) मार्करच्या नावापुढे २डी, ५डी असं असेल तर तो खपलीत चालणारच नाही, जेल कोरं. तू तिथे ० (बँड नाही) टाकला असशील. म्हणजे ज्या घरात तिसरा मजलाच नाही तिथे "तिसऱ्या मजल्यावर कोणी राहत नाही" असं लिहिल्यासारखं झालं. साम्य मोजायला सिंपल मॅचिंग वापरलं असशील तर हे ०-० साम्य म्हणून मोजलं जातं आणि खपली-बन्सी फुकट जवळ येतात. जॅकार्ड पद्धतीत ०-० धरत नाहीत, म्हणून तेवढं टळतं, पण सरबतीपासूनचं अंतर तरी फुगतंच. डीचे मार्कर काढ, फक्त ए-बी वर परत चालव.

निफाडकर७: +१. आणि मळणीचं म्हणशील तर तो फरक मोजक्या जीन्सचा, ५ए वरचं क्यू जीन त्यात मुख्य. तेवढ्यावरून अख्खा जीनोम लांबचा ठरत नाही, त्यामुळे डी काढल्यावरही ती दोघं जवळ आली तर घाबरू नकोस. दुसरं, साध्या अॅगारोज जेलवर बघतोयस का? दोन-चार बेसचा फरक त्यात दिसत नाही, वेगळे अॅलील (एकाच जागेची वेगळी रूपं) एकच बँड वाटतात, पॅक्रिलअमाइड लाव आणि सिल्व्हर स्टेन कर, वेळखाऊ आहे पण पर्याय नाही. खपली बाजारातून आणली असेल तर ती भेसळीचीच धर, डीएनए एकाच रोपाच्या पानातून काढ.

गहूवेडा: पॉलिअॅक्रिलअमाइड रे :)

तृणधान्य_ताई: भात-ज्वारीचे प्रायमर नको. १९९५ मध्ये नॉरिचच्या जॉन इनेस सेंटरवाल्यांनी भात, गहू, मका, ज्वारी वगैरेंचे नकाशे एकाच वर्तुळात मांडले ते खरंय, पण ते आरएफएलपी या जुन्या प्रकारच्या मार्करच्या जोरावर, म्हणजे जीन्सचा क्रम जुळतो हे दाखवलं. एसएसआरच्या आजूबाजूचा सिक्वेन्स पिकागणिक इतका बदलतो की भाताचा जीनोमिक प्रायमर गव्हात बहुतेकदा चालतच नाही. ईएसटीवरून (जीन्सच्या सिक्वेन्सवरून) बनवलेले थोडे बरे चालतात, पण तुझा प्रश्न गव्हातल्या गव्हातला आहे, कशाला उगाच खर्च.

शिवारातली_लॅब: यादी काढली, डीचे खरंच बरेच आहेत. मग ते फेकून द्यायचे का पूर्ण?

गहूवेडा: फेकू नको, सरबती वाणांचं आपसातलं नातं काढायला ठेव, वेगळा डेंड्रोग्राम कर. आणि बूटस्ट्रॅप (फांद्या किती पक्क्या ते तपासणारी चाचणी) टाक, व्हायवाला हमखास विचारतात.