पन्नास गोळ्या न अडता गेल्या, तर पिस्तूल भरवशाचं समजायचं का?

मांजराकाठ, लातूर:
स्वसंरक्षणाचा परवाना आहे, .३२ बोअरचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घेतलंय. रेंजवर पन्नास गोळ्या झाडल्या, एकदाही अडकलं नाही. माझ्या मते एवढी परीक्षा पुरे.

गोदाकाठ, नांदेड:
पुरे नाही भाऊ. तीनाला झाडलेल्या गोळ्यांनी भागा, म्हणजे जास्तीत जास्त किती अडू शकतात ते कळतं. पन्नासात एकही अडली नाही, तरी शंभरात सहापर्यंत अडण्याची शक्यता उरते, आणि हा अंदाज ९५ टक्के खात्रीचा. १९११ मध्ये अमेरिकी सैन्याने कोल्ट कंपनीचं पिस्तूल निवडलं ते एकाच पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडून. दर शंभराला ते थंड होऊ द्यायचे, दर हजाराला साफ करून तेल द्यायचे. कोल्ट एकदाही अडलं नाही. परीक्षा ती!

बालाघाटकर, बीड:
सैन्याला काडतुसं सरकार देतं. आपल्या परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते, मग ६,००० चा दाखला काय कामाचा? किती वेळा अडलं यापेक्षा कसं अडलं ते बघा. रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये (पिस्तुलाच्या मागंपुढं सरकणाऱ्या वरच्या भागात) उभी अडकली, तर आधी मनगट तपासा. ते ढिलं असलं की अख्खं पिस्तूल मागं जातं आणि स्लाइड पुरती मागं सरकत नाही. मॅगझिनांवर (काडतुसं भरायच्या पेट्यांवर) नंबर टाका. एकाच नंबरला अडत असेल तर वरच्या कडा वाकल्यात का बघा. शिवाय .३२ च्या काडतुसाला बुडाशी किंचित बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडेमागं गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात. यात पिस्तुलाचा काय दोष?

गोदाकाठ, नांदेड:
कारण शोधा, पण झालेला अडथळा वहीत नोंदवा, खोडू नका. घाबरलेल्या माणसाचं मनगट ढिलंच पडणार. एका हातानं, डाव्या हातानंही झाडून बघा, आणि घरी जी काडतुसं ठेवता तीच वापरा.

मांजराकाठ, लातूर:
रेंज लांब पडते हो. शेतात चार-दोन उडवून बघू का?

बालाघाटकर, बीड:
अजिबात नको! गोळी कुठं जाऊन पडेल याचा नेम नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं बेफिकीर गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलंय. रेंजवरच जा. ट्रिगर दाबूनही बार झाला नाही, तर नळी निशाण्याकडेच धरून तीस सेकंद थांबा, मगच स्लाइड ओढा. ते काडतूस परत भरू नका.