‘डेलाइट’ म्हणजे फट, आणि डोळेसुद्धा

‘डेलाइट रॉबरी’ हा शब्दप्रयोग इंग्लंडातल्या खिडकीपट्टीवरून, म्हणजे घराच्या खिडक्यांवरच्या करावरून आला, असं बरेचदा सांगितलं जातं. तो कर खरा होता, १६९६ ते १८५१. पैसे वाचवायला लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. जुन्या घरांवर त्या चौकटी अजून दिसतात. पण ‘अवाच्या सवा पैसे उकळणं’ या अर्थाने हा शब्दप्रयोग छापून आलेला दिसतो, तो कर उठल्यावर कितीतरी वर्षांनी. त्यामुळे ही व्युत्पत्ती मला पटत नाही. आपल्या ‘दिवसाढवळ्या लूट’सारखाच सरळ अर्थ आहे तो.

मला जास्त आवडतो तो ‘डेलाइट’चा ‘फट’ हा अर्थ. फलंदाज ड्राइव्हला पुढे येतो, बॅट पॅडपासून सुटते आणि मधून पलीकडचा उजेड दिसतो. चेंडू तिथूनच आत शिरतो. म्हणूनच दोन देशांमध्ये ‘नो डेलाइट’ असं बातमीत आलं, तर तो अंधार समजू नका. दोघांचं पूर्ण एकमत आहे, तसूभरही अंतर नाही, असा त्याचा अर्थ.

आणि एखाद्याला प्रचंड घाबरवणं या अर्थाच्या ‘स्केअर द लिव्हिंग डेलाइट्स आउट ऑफ’ या इंग्रजी वाक्प्रचारातले ‘डेलाइट्स’ म्हणजे अठराव्या शतकातल्या बोलीत चक्क डोळे! घाबरून डोळे पांढरे होणं आठवलं ना?