शब्दचर्चा: 'कोलॅबोरेटिव्ह डॉक्युमेंटेशन'ला मराठीत काय म्हणता?

खाडीपलीकडचा:
रत्नागिरीत बसून आम्ही मासळीच्या लिलावाचं ॲप करतोय. डिझायनर, कोडवाले, बंदरावरची माणसं असे सगळे एकाच फाईलमध्ये लिहितात, म्हणजे हा स्क्रीन असाच का ठेवला, कोणाचा काय आक्षेप होता, शेवटी काय ठरलं वगैरे. याला सुटसुटीत शब्द हवाय. 'सहयोगात्मक दस्तऐवजीकरण' प्लीज नको, लिलाववाला वाचूनच पळेल.

पेडवे:
दस्तऐवज म्हटला की स्टँप पेपर, सही, शिक्का आला आणि मग खाडाखोड बंद. इथे तर खाडाखोडच पायजे. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या प्रोग्रामरने १९९५ला पहिला विकी (कोणीही बदलू शकेल अशी वेबसाइट) काढला तो याच हिशोबाने, की वाचणाऱ्याला चूक दिसली तर त्यानेच तिथल्या तिथे सुधारावी. मी 'सामाईक टिपण' म्हणेन.

वरच्या वाडीतला:
सामाईक?? माका इचारशात तर कोकणात ह्यो शब्द नको. सातबाऱ्यावर ढीगभर नावं, गणपतीक सगळे हजर, आणि घर शाकारायचं म्हटलं की एकजण फोन उचलत नाय. शेअर केलेल्या फायलींचं पण असंच होतं, सगळ्यांना एडिटचा हक्क आणि जुना मजकूर काढायला कोणीच नाही.

खाडीपलीकडचा:
हे मात्र खरंय. पण फायदा पण सांगतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, म्हणून डिझायनरने तेवढे दिवस 'लिलाव लावा' बटण बंद ठेवलं आणि फाईलमध्ये कारण लिहिलं. त्याच्याखाली बंदरावरच्या एका काकांनी लिहिलं, 'बंदी यांत्रिक बोटींना, वल्ह्याच्या होडीवाल्याने माल कुठे विकायचा?' झालं, बटण होडीच्या प्रकाराप्रमाणे चालू-बंद केलं. आता समजा हे कुठे लिहिलेलंच नसतं तर पुढच्या वर्षी नवीन आलेला कोडवाला म्हणाला असता की एकाला दिसतं एकाला नाही, हा बग आहे, आणि उडवून मोकळा. नुसत्या फिग्मातल्या (डिझाइनचं सॉफ्टवेअर) स्क्रीनवरून काय केलंय ते कळतं, का केलंय ते नाही कळत.

पेडवे:
माशांच्या नावांचं पण तेच. एकाच माशाला वर उत्तरेकडे तारली, सिंधुदुर्गात पेडवे (माझा आयडी बघा 😄), सुरमईला इकडे इसवण. यादी एकट्या डिझायनरने केली तर सर्चमध्ये अर्धी गिऱ्हाईकं रिकामी परत जाणार.

वरच्या वाडीतला:
लिलाववाले स्वतः काय म्हणतात त्याला?

खाडीपलीकडचा:
'वही.' परवा पण ऐकलं, 'ता वहीत घाल आधी.'

वरच्या वाडीतला:
मग तोच शब्द घ्या की! वही कोणाच्या तरी ताब्यात असते, 'वही कोणाकडे हाय' असं विचारता येतं. कोणाकडे ते पहिल्या पानावर लिहा म्हणजे झालं.

पेडवे:
'डिझाइनची वही' करा, नुसती वही सर्चला टाकली तर शाळेच्या वह्या येतील.