अनुभव धागा : स्पेनमधील तापास

स्पेनच्या प्रवासात तापास, म्हणजे पेयासोबत खाण्याचे लहान बशीतले पदार्थ, ज्यांनी चाखले असतील त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. नुसती पदार्थांची यादी नको; ते कोठे आणि कसे खाल्ले, हेही यावे.

*

ला रिओहा प्रांताच्या राजधानीत, लोग्रोन्योमध्ये, काये लाउरेल नावाची अरुंद गल्ली आहे. तेथील अनेक बार एकेका पदार्थासाठीच ओळखले जातात. एका बारमध्ये लसणाच्या तेलात भाजलेली अळंबी पावाच्या तुकड्यावर एकावर एक रचून, वर लहानशी कोळंबी टोचून देतात. दुसरीकडे तिखट सॉसमधल्या तळलेल्या बटाट्यांसाठी गर्दी असते. बसायला जागा शोधण्यात अर्थ नसतो. एक बशी, तांबड्या वाइनचा छोटा पेला, की पुढचे दार.

*

मी शाकाहारी आहे, त्यामुळे सेव्हियामध्ये उपासमार होईल असे घरच्यांचे भाकीत होते. प्रत्यक्षात एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, म्हणजे जिरे आणि लसूण घालून शिजवलेला पालक व काबुली चणे, हा तेथील जुना आणि अस्सल पदार्थ निघाला. आपल्या पालक-छोल्यांच्या इतका जवळचा, की फक्त पोळी नसल्याचे जाणवत राहते. १६७० पासून चालत आलेल्या ‘एल रिंकोन्सियो’त तो खाल्ला, आणि हिशेब लाकडी काउंटरवरच खडूने मांडला गेला. सावध मात्र राहावे लागते. साल्मोरेखो हे टोमॅटोचे थंड, दाट सूप निर्धोक वाटते, परंतु त्यावर बहुधा उकडलेले अंडे आणि हामोन, म्हणजे खारवून वाळवलेले डुकराचे मांस, भुरभुरलेले असते. ‘सिन हामोन’, म्हणजे हामोनशिवाय, एवढे दोन शब्द पाठ असावेत, आणि क्रोकेतासच्या, म्हणजे सारण भरून तळलेल्या लहान गोळ्यांच्या, आत काय आहे हे विचारल्यावाचून राहू नये.

*

वरील सूचना ग्रानादात अधिकच लागू पडते. तेथे पेय मागवले की तापा फुकट येतो, पण कोणता, हे बहुतेक ठिकाणी बारवालाच ठरवतो.

*

सान सेबास्तियानमधल्या जुन्या भागात काउंटरवर मांडलेले पिंचोस, म्हणजे बहुधा काडी टोचलेले तिकडचे तापास, पाहून हरखून जायला होते. ऑलिव्ह, अँचोवी मासळी आणि लोणच्यातली हिरवी मिरची एका काडीला टोचलेला ‘गिल्डा’ तेथूनच उचलावा. मात्र माझ्या मते खरी करामत फळ्यावर लिहिलेल्या गरम पदार्थांत असते, जे मागितल्यावरच स्वयंपाकघरात तयार होतात.

*

वेळेविषयी थोडेसे: दुपारच्या जेवणानंतर अनेक स्वयंपाकघरे रात्री आठच्या सुमारापर्यंत बंद असतात, म्हणून लहान मुले बरोबर असल्यास दुपारी एक ते तीनमध्येच तापास उरकावेत.